तेच घर, तोच पैसा, तीच आई

१९४६ साली जपानमधल्या एका वर्तमानपत्रात माचिको हासेगावा यांची 'साझाए-सान' ही विनोदी चित्रमालिका सुरू झाली. युद्धातून सावरणाऱ्या देशातलं एक साधं कुटुंब, त्यातले रुसवेफुगवे आणि काटकसर एवढ्या भांडवलावर ती १९७४ पर्यंत चालली. त्याच १९४६ सालच्या जूनमध्ये कुवेतमधून कच्च्या तेलाची पहिली निर्यात झाली आणि मोती, मासे व गलबतं यांवर जगणारं एक बंदर एका पिढीत ओळखू न येण्याइतकं पालटलं. या पालटाचा विनोदी रोजनामा कुवेतमध्येही लिहिला गेला, पण तो कागदावर नव्हे, रंगमंचावर आणि दूरचित्रवाणीवर. रोजच्या जगण्यावरच्या अशा विनोदात तेच ते विषय पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्याला हलका माल समजण्याची रीत आहे. माझं म्हणणं उलट आहे. विषयांची ही पुनरावृत्तीच त्याला इतिहासाचं साधन बनवते.

आधी घर पाहू. १९२० साली बांधलेल्या तटबंदीच्या आत जुनं कुवेत वसलेलं होतं: मातीच्या भिंती, मधलं अंगण, अरुंद गल्ल्या. पन्नासच्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश नगररचनाकारांनी नव्या शहराचा आराखडा दिला आणि १९५७ मध्ये तट पाडला गेला, फक्त वेशी राहिल्या. गल्ल्यांतली घरं सरकारने चढ्या भावाने विकत घेतली आणि माणसं नव्या उपनगरांत गेली. या खरेदीला तिथे 'तथ्मीन' म्हणतात. तेलाचा पैसा सामान्य कुटुंबाच्या हाती पडण्याचा तो एक मोठा मार्ग होता. १९७७ साली आलेल्या 'दर्ब अल-झलग', म्हणजे 'निसरडी वाट', या मालिकेचा सारा डोलारा याच व्यवहारावर उभा आहे. अब्दुलअमीर अल-तुर्की यांनी ती लिहिली. अब्दुलहुसेन अब्दुलरिदा आणि साद अल-फरज यांनी रंगवलेल्या भावांचं जुनं घर तथ्मीनमध्ये जातं, अचानक मोठी रक्कम येते आणि धंद्याचा गंध नसलेला भाऊ एकामागून एक उद्योग काढत सुटतो. त्यात कुत्र्यांसाठीचं डबाबंद मांस आणून विकण्यापर्यंत मजल जाते. सरकारी दप्तरात तथ्मीनची रक्कम सापडेल. ती हातात आल्यावर घरात कोण कोणाशी कसं बोलू लागलं, सोयरिकीचे भाव कसे चढले, हे मात्र मालिकेतच सापडतं.

दुसरा फिरून येणारा विषय आईचा. निसरड्या वाटेवरच्या या भावांच्या आईचं काम अब्दुलअझीझ अल-निमिश या पुरुष नटाने केलं. कुवेती रंगभूमीवर आधी स्त्रिया नव्हत्याच. इजिप्तचे झकी तुलैमात यांनी १९६१ मध्ये 'अरब थिएटर' उभं केलं आणि त्याच सुमाराला मरियम अल-सालेह व मरियम अल-गदबान यांनी रंगमंचावर पाऊल ठेवलं. बालगंधर्वांची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा टप्पा समजावून सांगायला नको. पुढे १९८३ च्या 'खालती गुमाशा' या मालिकेत हयात अल-फहद यांनी साकारलेली आई मुला-सुनांच्या खोल्यांत चोरून ऐकण्याची यंत्रं बसवते. या दोन आयांमधलं अंतर मोलाचं आहे. अंगणाच्या घरात आईला सगळं आपोआप ऐकू येत असे. स्वतंत्र खोल्यांच्या नव्या घरात तिला त्यासाठी यंत्र लागतं. विषय तोच राहिला म्हणूनच बदललेलं घर इतकं स्पष्ट दिसलं. पैशाचंही तसंच. ऑगस्ट १९८२ मध्ये 'सूक अल-मनाख' हा समांतर शेअरबाजार कोसळला, तेव्हा पुढच्या तारखांचे सुमारे ९४ अब्ज डॉलरचे चेक लोकांच्या हाती होते. पुढच्याच वर्षी अब्दुलरिदांनी 'फुरसान अल-मनाख' हे नाटक रंगमंचावर आणलं. आयत्या पैशाचा मोह १९७७ मध्ये एका कुटुंबाचा होता, आता तो बाजाराचा झाला होता.

यावर पहिला आक्षेप असा की विनोद अतिशयोक्तीवर जगतो, मग तो पुरावा कसा? पण अतिशयोक्ती ताणते ती गोष्ट प्रेक्षकाला आधीच ओळखीची असावी लागते, नाहीतर हशा येत नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव कोणत्या तारखेला कुठे गेला याला महत्त्व नाही, तरी पुण्यातल्या मध्यमवर्गाची चणचण आणि भिडस्तपणा त्याच्याइतका क्वचितच कुठे कळतो. दुसरा आक्षेप स्मरणरंजनाचा: पाडलेल्या गल्ल्यांचं गोड चित्र रंगवून हा विनोद जुन्या काळची गरिबी झाकतो. निदान 'दर्ब अल-झलग'ला तो लागू पडत नाही. तिच्यात जुन्या घरातही हाव आहे, भांडणं आहेत. पैशाने माणसं बिघडली असं ती म्हणत नाही. आधीच असलेल्या उणिवांना पैशाने मोकळं रान दिलं, असं ती दाखवते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो मी मान्य करते. कुवेतमध्ये आज नागरिक एकूण लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहेत, आणि बाहेरून आलेल्यांत भारतीय सर्वाधिक. या विनोदात स्वयंपाकी, ड्रायव्हर, मोलकरीण येतात ते बहुधा मोडक्या अरबीवर हसू पिकवण्यापुरते. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत कुवेतमध्ये रुपया चालत होता आणि मुंबई ही तिथल्या व्यापाऱ्यांची नेहमीची पेठ होती. एवढ्या जुन्या संबंधातला माणूस घरातल्या विनोदात इतका उथळ का उरला, हा प्रश्न प्रत्येक मराठी वाचकाने विचारावा. मात्र यामुळे पुरावा रद्द होत नाही. घराची हद्द कुणापाशी संपते, हे त्या घराने आपल्याच तोंडाने सांगितलेलं असतं, आणि इतकी प्रामाणिक कबुली कोणत्याही सरकारी अहवालात मिळणार नाही. म्हणून कुवेतचा इतिहास लिहिणाऱ्याने नगररचनेच्या आराखड्याशेजारी या मालिका ठेवाव्यात, आणि त्यांतलं हसणं कुणाबरोबरचं व कुणावरचं, हे प्रत्येक भागात नोंदवावं. शहर कसं बांधलं गेलं हे आराखडा सांगेल. त्यात घरचं कोण आणि परकं कोण ठरलं, हे समजायला विनोदच वाचावा लागेल.