हुकमी फटक्याचा इतिहास



टेनिसचा सामना पाहणारास जोरकस फटक्याचे कौतुक वाटते. परंतु हा खेळ केवळ जोरावर जिंकला जात नाही, हे थोडे बारकाईने पाहिल्यास कोणाच्याही ध्यानी येईल. एकेरी सामन्याचे पटांगण 78 फूट लांब व 27 फूट रुंद असते. मध्ये जाळी असते. ती मधोमध अवघी 3 फूट उंच. एवढ्या चौकटीत चेंडू पुन्हा पुन्हा पलीकडे धाडावयाचा, आणि ज्याच्या हातून आधी चूक घडेल त्याने गुण गमवावयाचा. साधारण खेळाडूंच्या सामन्यांत तर बहुतेक गुण प्रतिपक्ष्याच्या पराक्रमाने जात नसून आपल्याच चुकीने जातात. तेव्हा दहांपैकी नऊ वेळा योजिलेल्या जागी पडणारा फटका, ज्यास आपण हुकमी म्हणतो, तोच या खेळातील खरा ठेवा होय. तो सरावाने साध्य होतो, हे शाळेतले पोरही सांगेल. परंतु तो सराव कोणत्या प्रकारचा असावा लागतो, आणि तो करण्याची मुभा आजवर कोणास मिळाली, हे दोन प्रश्न इतिहासास विचारण्याजोगे आहेत.

हिरवळीवरील टेनिस हा खेळ तसा अर्वाचीन आहे. सन 1874 मध्ये मेजर वॉल्टर विंगफील्ड या इंग्रज गृहस्थाने त्याच्या साहित्याचे पेटंट घेतले व जाळी, रॅकेट आणि चेंडू पेटीत भरून विकावयास आरंभ केला. 1877 साली विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली. प्रारंभी हा बागबगीचे बाळगणाऱ्या सधन मंडळींचा सायंकाळचा विरंगुळा होता. विरंगुळ्यासाठी घाम गाळावा, ही कल्पना त्या मंडळींस फारशी रुचण्यासारखी नव्हती. ती रुजली पहिल्या महायुद्धानंतर, आणि ज्यांनी ती रुजविली त्यांपैकी तिघांची नावे येथे घेतो.

पहिले नाव सुझान लेंग्लेन या फ्रेंच युवतीचे. तिचे वडीलच तिचे गुरू. ते पटांगणावर ठिकठिकाणी हातरुमाल टाकीत आणि चेंडू नेमका त्या रुमालावर पाडावयास तिला सांगत. एक जागा साधली की रुमाल दुसरीकडे सरके. 1919 साली ती प्रथमच विंबल्डनला उतरली व अजिंक्य ठरली. पुढे आणखी पाच वेळा तिने ते पद मिळविले.

दुसरे नाव अमेरिकेच्या विल्यम टिल्डनचे. 1919 साली अमेरिकेच्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जॉन्स्टन नामक खेळाडूने त्याला सरळ तीन सेटमध्ये हरविले. टिल्डनचा बॅकहँड, म्हणजे उलट्या हाताचा फटका, चेंडू कापून कसाबसा परत लोटण्यापुरताच होता, आणि जॉन्स्टनने नेमका तिकडेच मारा धरला. टिल्डन त्या वेळी 26 वर्षांचा होता. या वयात नामांकित खेळाडू आपली मोडलेली बाजू झाकून ठेवतो, उघडी करून दुरुस्त करीत नाही. टिल्डनने मात्र तो हिवाळा प्रॉव्हिडन्स या गावी छपराखालच्या कोर्टावर काढला आणि तो एकच फटका मुळापासून नव्याने घडविला. 1920 साली त्याने विंबल्डन जिंकले, त्याच वर्षी त्याच जॉन्स्टनला पाच सेटच्या झुंजीत नमवून अमेरिकेचे अजिंक्यपदही घेतले, आणि पुढे 1925 पर्यंत ते कोणास घेऊ दिले नाही.

तिसरे नाव रने लाकोस्त याचे. याची प्रकृती नाजूक होती. तो प्रतिस्पर्ध्यांचे गुणदोष वहीत टिपून ठेवी. सोबत्याने शंभर वेळा एकसारखा चेंडू द्यावा अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे, हे ओळखून त्याने चेंडू फेकणारे यंत्रच बनविले. 1927 साली फ्रान्सने अमेरिकेकडून डेव्हिस चषक जिंकून घेतला, त्यात लाकोस्तने खुद्द टिल्डनला हरविले होते.

या तिघांच्या उदाहरणांवरून सरावाची तीन सूत्रे निघतात. सरावास निश्चित लक्ष्य हवे. तो आपल्या उण्या बाजूचा हवा. आणि एक हालचाल अंगवळणी पडेपर्यंत परिस्थिती न बदलता तीच पुन्हा करावयास हवी. ज्याला जे साधते तेच घोटीत बसणे हा सराव नव्हे, ती करमणूक होय. आपल्या तालमींना हे अज्ञात होते असे नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नावारूपास आणली. जोडीदार मल्ल समोर नसतानाही पकड, चपळाई व अंगाचा तोल घोटता यावा, यासाठी तो खांब उभा असतो. टेनिस शिकणाऱ्याची भिंत हा त्याचा मल्लखांबच म्हणावयाचा.

आता दुसरा प्रश्न. हिंदुस्थानात टेनिस आला तो इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर, आणि राहिला जिमखान्यांच्या कुंपणाआड. आपल्या लोकांपैकी ज्यांना त्या कुंपणाच्या आत वाव मिळाला त्यांनी आपली योग्यता लवकरच सिद्ध केली. पुण्यास जन्मलेल्या पंडिता क्षमा राव यांनी तुकाराम, रामदास व ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृत पद्यांत रचली. त्या स्वतः टेनिसही उत्तम खेळत. त्यांची कन्या लीला राव हिने 1934 साली विंबल्डनच्या पहिल्या फेरीतील सामना जिंकला. तेथे सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. घरात विद्या, पाठीशी आई आणि पायाखाली कोर्ट, असा योग तिला लाभला होता.

ज्यांना तो लाभला नाही त्यांचे काय झाले, हे पुण्याच्याच दुसऱ्या एका माणसाच्या चरित्रावरून कळते. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेरीस ते पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात महिना 4 रुपयांवर नोकरीस होते. क्रिकेटची खेळपट्टी दाबावी, जाळ्या उभाराव्या, प्रसंगी टेनिसच्या कोर्टाच्या रेषाही आखाव्या, हे त्यांचे काम. कॅप्टन ग्रेग या फलंदाजास सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा हवा असे. म्हणून बाळूंनी तासन्‌तास गोलंदाजी केली. सराव साहेबाचा झाला, पण हात बाळूंचाही घडला. फलंदाजी मात्र साहेबलोकांची, ती घोटण्याचा प्रसंग त्यांना तेथे आला नाही. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. ज्या अंगाचा सराव करू दिला गेला ते अंग जगाने पाहिले. ज्याचा करू दिला नाही त्याचा हिशेब कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. बॅरेलन या खेड्यात तेथील मूळ रहिवाशांच्या जमातीतील इव्हॉन गूलागाँग ही मुलगी सफरचंदांच्या खोक्याची फळी हाती घेऊन भिंतीवर चेंडू मारीत असे. गावच्या कोर्टाच्या कुंपणातून ती आत डोकावत असता एका गावकऱ्याने तिला पाहिले आणि आत येऊन खेळावयास सांगितले. 1971 साली, आणि पुन्हा 1980 साली, तिने विंबल्डन जिंकले. भिंतीने तिचा हात तयार केला हे खरे. पण कुंपणाचे दार उघडणारा माणूस भेटला नसता तर तो हात त्या भिंतीपाशीच राहिला असता.

आमच्या भिवंडीत मागांचा खडखडाट दिवसरात्र चालतो. धोटा एकाच वाटेने हजारो फेऱ्या घालतो तेव्हा हातभर कापड विणले जाते, हे येथल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. चिकाटीची त्यांच्या ठायी वाण नाही. वाण आहे ती जागेची. टेनिसचे कोर्ट बांधणे खर्चाचे काम आहे, ते प्रत्येक शाळेस परवडणार नाही. परंतु शाळेच्या एका बळकट भिंतीवर जमिनीपासून 3 फुटांवर चुन्याची रेघ ओढणे, समोर दहा-बारा पावले फरशी सपाट ठेवणे, आणि शाळा सुटल्यावर फाटकास कुलूप न लावता सायंकाळचे दोन तास एखाद्या शिक्षकाच्या देखरेखीखाली ते उघडे ठेवणे, एवढे कोणत्याही गावास शक्य आहे. त्या रेघेच्या वर लागोपाठ पन्नास चेंडू लावण्याचा नेम एखाद्या मुलीने वर्षभर पाळला, तर पुढे कोर्टावर तिला काय साधेल हे आज कोणी सांगू शकत नाही. फाटक बंद राहिले तर काय होईल, हे मात्र आजच सांगता येते.