मोटार अपघातानंतरचे उपचार (सोलापूर)

रस्त्यावरील अपघातात जखमी झालेल्याला घटनास्थळावरून उचलण्यापासून घरी सोडेपर्यंत मिळणारे उपचार, त्यासाठीच्या शासकीय योजना आणि त्याबरोबर तयार होणारे कायदेशीर कागद यांची ही नोंद सोलापूर शहर व जिल्ह्यापुरती आहे.

पुणे–हैदराबाद (राष्ट्रीय महामार्ग ६५) आणि धुळे–तुळजापूर–विजयपूर (५२) हे मार्ग सोलापुरात एकमेकांना छेदतात. रत्नागिरी–कोल्हापूरकडून येणारा १६६ क्रमांकाचा मार्गही इथेच येतो. त्यामुळे जिल्ह्याबाहेरच्या, राज्याबाहेरच्या गाड्यांची वर्दळ रात्रंदिवस असते. त्यात दोन स्थानिक गोष्टींची भर पडते. गाळप हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास कारखाने सुरू झाल्यापासून, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, अशी ट्रॉली अंधारात पन्नास फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. दुसरी गोष्ट पायी यात्रांची. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडे आणि कोजागरीला तुळजापूरकडे माणसे रस्त्याच्या कडेने चालतात. कोजागरीला सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते. दिंड्यांना सगळीकडे अशी मोकळीक नसते. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोला–मिरज मार्गावर जुनोनीजवळ कार्तिकीला निघालेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील दिंडीत मोटार घुसली आणि सात वारकरी मृत्यू पावले.

घटनास्थळ : १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ गाड्यांत कृत्रिम श्वासयंत्रासह प्रगत सोय होती, उरलेल्या ७०४ मध्ये प्राथमिक. गाडीत डॉक्टर असतो, हे या सेवेचे वैशिष्ट्य. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा प्राधिकरणाचा क्रमांकही चालतो; वरवडे, सावळेश्वर अशा टोलनाक्यांच्या पट्ट्यात त्यावरून रुग्णवाहिका आणि क्रेन मिळते. प्रत्यक्षात पहिली मदत बहुधा मागून येणाऱ्या जीपवाल्याची किंवा शेजारच्या ढाबेवाल्याची असते. ती मनापासून केलेली असली तरी तिच्यात हमखास दोन चुका होतात. एक, जखमीला हातापायांना धरून, मान लोंबकळत ठेवून उचलणे. मानेचा मणका मोडलेला असेल तर या एका झटक्याने मज्जारज्जू दुखावून हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. दुसरी, शुद्धीवर आणण्यासाठी तोंडात पाणी ओतणे. अर्धवट बेशुद्धाच्या फुप्फुसात ते उतरते, शिवाय पुढे भूल देताना अडचण होते. गाडी पेट घेण्याचा धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत डोके व मान एका रेषेत धरून ठेवावे आणि वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी दाबून धरावी. एवढे पुरते.

रुग्णालये : शहरातील मुख्य आधार श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचा. हे पूर्ण नाव पाटीवर आणि सरकारी कागदावर. रिक्षावाले, पोलीस, वर्तमानपत्रे सारे ‘सिव्हिल’च म्हणतात. ते १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे, त्यामुळे रात्री तीनलाही शल्यचिकित्सा, अस्थिरोग आणि भूल या विभागांचे निवासी डॉक्टर जागेवर असतात. धाराशिवच्या नळदुर्ग-उमरग्याकडचे, तसेच कर्नाटकातल्या आळंद-इंडीकडचे रुग्णही इथे येतात. कुठे दुखते हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चारही भाषांत विचारता येणे ही इथल्या अपघात विभागाची गरज आहे. शहराचे दुसरे वैशिष्ट्य सहकारी रुग्णालये. अश्विनी आणि मार्कंडेय ही त्यांतली ठळक नावे. पद्मशाली विणकर समाज ज्या ऋषीला मूळपुरुष मानतो, त्याचे नाव दुसऱ्याला आहे. अश्विनीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला आहे. जिल्ह्यात पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय, सांगोल्यासारखी ग्रामीण रुग्णालये आणि बार्शीचे जगदाळे मामा रुग्णालय हे मधले थांबे. रक्तासाठी शहरात गोपाबाई दमाणी आणि हेडगेवार या जुन्या रक्तपेढ्या आहेत.

या थांब्यांवर एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘पुढे हलवा’. गावातल्या दवाखान्यातून तालुक्याला, तिथून सोलापूरला, आणि ऐपत असलेले नातेवाईक तिथूनही अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला. हलवणे नेहमीच चूक नसते. मेंदूची शस्त्रक्रिया ग्रामीण रुग्णालयात होणार नाही. पण श्वासमार्ग मोकळा न करता, रक्त न थांबवता, सलाईन न लावता केलेला प्रवास रुग्णाच्या वाट्याचा वेळ खातो. दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला वैद्यकात ‘गोल्डन अवर’ म्हणतात. अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यविशारद ॲडम्स कौली यांनी रूढ केलेली ही कल्पना २०१९ च्या दुरुस्तीने भारताच्या मोटार वाहन कायद्यातही आली. मोहोळहून सोलापूर पस्तीस किलोमीटर, अक्कलकोटहून चाळीस. म्हणजे एकाच फेरीत आणले तर हा तास साधतो आणि मध्ये दोन दवाखाने फिरले तर हमखास निसटतो. पुण्याला न्यायचेच असेल तर आधी इथे रक्त थांबवून, पोटाची सोनोग्राफी व डोक्याचे स्कॅन करून, समोरच्या रुग्णालयाशी डॉक्टरांनी बोलूनच न्यावे. नातेवाइकांचा हट्ट हे रेफर करण्याचे कारण होऊ शकत नाही.

अपघात विभागातील क्रम ठरलेला असतो : श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मग मेंदूची अवस्था, आणि शेवटी कपडे काढून सर्वांगाची तपासणी. हाड मोडून बाहेर आलेला पाय भयंकर दिसतो, तरी डॉक्टर आधी छातीला नळी लावतात याचा नातेवाइकांना राग येतो. तो या क्रमामुळे. या पद्धतीचे शिक्षण अमेरिकेत १९७८ पासून रीतसर सुरू झाले, तेही नेब्रास्कात स्वतःचे विमान कोसळून कुटुंबाची हालत पाहिलेल्या जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदाच्या आग्रहाने. शुद्धीची मोजणी ग्लासगोच्या पट्टीवर (१९७४) करतात. पूर्ण शुद्धीला १५ आणि सर्वांत खालच्या अवस्थेला ३ गुण. केसपेपरवर ‘जीसीएस’ लिहिलेला हा आकडा दर थोड्या वेळाने पुन्हा मोजला तरच उपयोगी.

मुका मार : वरून जखम नाही, चालता येते, मग ‘काही झालं नाही’ म्हणून घरी जाणारा माणूस हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित रुग्ण. मोटारीत बसलेल्याला तर असे अधिकच वाटते. पट्ट्याने जीव वाचवलेला असतो, पण त्याच पट्ट्याचा आडवा काळानिळा वळ पोटावर असेल तर आतड्याला इजा झाल्याचा संशय घ्यावा लागतो. डाव्या फासळ्यांखाली प्लीहा असते. ती फाटली तर रक्त हळूहळू साचते, आणि तरुण शरीर रक्तदाब बराच वेळ सावरून धरते. मग एकाएकी तो कोसळतो. म्हणून वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात उमटणारी कळ, चक्कर, लघवीतून रक्त यांपैकी एकही चिन्ह दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

डोक्याचे याहून फसवे. कवटी आणि मेंदूचे आवरण यांत धमनीचा रक्तस्राव झाला तर माणूस क्षणभर बेशुद्ध होतो, शुद्धीवर येतो, नीट बोलतो, चहाही पितो आणि काही तासांत पुन्हा बेशुद्ध होतो. वेळेवर कवटी उघडून गाठ काढली तर तो बरा होऊन घरी जातो. झोपू दिला तर उठत नाही. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बडबड, कानानाकातून रक्त किंवा पाणी, एका डोळ्याची बाहुली मोठी होणे ही चिन्हे नातेवाइकांना सांगून ठेवावी लागतात. तोंडाला दारूचा वास आला की सगळी गुंगी दारूच्या नावावर जमा होते. हा अंदाज चुकला तर जीव जातो, आणि पिणाऱ्याचे डोकेही इतरांच्या डोक्याइतकेच फुटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धांचे स्कॅन साध्या आपटण्यानंतरही करावे.

मानेची आणि पाठीची दुखणी मात्र बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतात. अशा वेळी ग्रामीण भागात अजूनही हाडवैद्याकडे जाण्याची रीत आहे. साध्या मुरगळण्याला त्याच्या लेपाने अपाय होत नसेल. मोडलेल्या हाडावर घट्ट बांधलेल्या पट्टीने मात्र रक्तपुरवठा तुटून हात गमावलेली मुले अस्थिरोग विभागांनी पाहिलेली आहेत. बोटे थंड, बधिर किंवा काळसर झाली तर पट्टी कोणीही बांधलेली असो, तत्काळ सोडवावी.

खर्च : परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले की, पोलिसी सोपस्कारांसाठी जखमीवरील उपचार थांबवता येत नाहीत, हे बंधन सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांवर आहे. तरीही अनामत रकमेचा प्रश्न उरतोच. राज्याच्या जीवनदायी योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते (२ जुलै २०१२). तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना झाली. २०२३ च्या निर्णयानुसार तिच्यात रस्ते अपघातासाठी प्रति रुग्ण एक लाख रुपयांपर्यंतचे उपचार आले, आधीच्या वेगळ्या योजनेत ही मर्यादा तीस हजार होती. ५ मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना लागू झाली : अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, प्रति जखमी दीड लाख रुपयांपर्यंत; योजनेत नसलेल्या रुग्णालयात फक्त रुग्ण स्थिर करण्यापुरते. रुग्णालयात योजनेचे काम पाहणारा ‘आरोग्यमित्र’ शोधणे हे नातेवाइकांचे पहिले काम, आणि तो दाखल करतानाच शोधावा. बिल हातात पडल्यावर नव्हे.

मदत करणाऱ्याला पोलीस वा रुग्णालय नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाही, हे संरक्षण २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयातून आणि पुढे कायद्याच्या १३४-अ कलमातून मिळाले. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोहोचवणाऱ्यास ‘राहवीर’ म्हणून पंचवीस हजार रुपयांचे बक्षीस २०२५ पासून आहे. रस्त्यावर मात्र ‘नंतर कोर्टात खेपा’ ही भीती कायद्यापेक्षा जास्त प्रसिद्ध आहे.

कागद : अपघाताचा रुग्ण आला की रुग्णालय ‘एमएलसी’ करते, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद करून पोलिसांना कळवते. सोलापूरच्या वर्तमानपत्रांतील अपघाताची बातमी ज्या ठराविक वाक्याने संपते, त्या ‘नोंद सिव्हिल पोलीस चौकीत झाली’ची सुरुवात हीच. ‘केस नको’ म्हणून गाडीवरून पडलो असे सांगणारे बरेच असतात. त्या एका वाक्याने डॉक्टरांना धडकेचा जोर कळत नाही, आणि पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील तोच केसपेपर काढून दाखवतो. कोणत्या वाहनाने, कोणत्या बाजूने धडक दिली, हे पहिल्याच कागदावर खरे लिहून घ्यावे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले आणि पुढे अपंगत्वाचे प्रमाणपत्र जपून ठेवावे. २०२२ पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत कायद्यात आली आहे; दावा जखमी जिथे राहतो तिथेही करता येतो, त्यामुळे दौंडजवळ जखमी झालेल्या सोलापूरकराला पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा छडा लागला नाही तर मृत्यूस दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये शासकीय निधीतून मिळतात. त्यासाठीचा अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात द्यावा लागतो, आणि त्यालाही वैद्यकीय कागद जोडावेच लागतात.