रस्त्यांतील जागेचें मोल
रस्ता सर्वांचा खरा. पण अमेरिकेंतील ओक्लाहोमा सिटी या शहराच्या बाजारपेठेंत १९३५ पूर्वीं तो आधीं येणाऱ्याचा झाला होता. कचेऱ्यांतील नोकर आपल्या मोटारी दुकानांपुढें सायंकाळपर्यंत उभ्या करीत. गिऱ्हाइकांस जागा मिळेना. वृत्तपत्रकार कार्ल मॅगी यांनीं नाणें टाकून चालणाऱ्या घड्याळाची युक्ति सुचविली. थ्यूसेन व हेल या इंजिनियरांनीं तें घडविलें. १६ जुलै १९३५ रोजीं पहिलें मीटर रस्त्याकडेला उभें राहिलें. दर तासाला पांच सेंट! सरकारी रस्त्यावर भाडें कसलें, म्हणून लोक संतापले. पण मोटारी वेळेवर हलूं लागल्या, तेव्हां मीटर नसलेल्या बाजूचे दुकानदारहि तीं मागूं लागले. एका लहानशा नाण्यानें रस्ता पुन्हां सर्वांच्या वांट्यास आला.