दोन लाख वीस हजार किलोमीटर धावलेली डिझेल गाडी घ्यावी का? एका टॅक्सीचा आणि एका हिशोबाचा इतिहास

१/२०
इ. स. १९८१. ग्रीसमधील थेसालोनिकी शहराचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साखिनिदिस यांनी एक वापरलेली मर्सिडीज-बेंझ २४० डी विकत घेतली. गाडी १९७६ सालची. इंजिन डिझेलचे, ताकद जेमतेम ६५ अश्वशक्ती. मीटरवर आकडा होता सुमारे २,२०,००० किलोमीटर. एवढी धावलेली गाडी पाहून आजही बहुतेक गिऱ्हाइके दुसरी गाडी दाखवायला सांगतील.

२/२०
२००४ मध्ये हीच गाडी मर्सिडीज-बेंझच्या वस्तुसंग्रहालयाच्या स्वाधीन झाली. तेव्हा मीटरचा आकडा सुमारे ४६ लाख किलोमीटर होता, म्हणजे विषुववृत्ताभोवती जवळजवळ ११५ प्रदक्षिणा. तेवीस वर्षे, दिवसाला सरासरी ५०० किलोमीटरहून अधिक. ‘डिझेल इंजिन मरत नाही’ या लोकसमजुतीला याहून मोठा पुरावा कोणता?

३/२०
परंतु या कथेतील एक तपशील बहुधा गाळला जातो. हे अंतर एकाच इंजिनाने कापलेले नाही. साखिनिदिस यांनी तीन इंजिने आलटून पालटून वापरली. एक गाडीत असे, तेव्हा दुसऱ्याची दुरुस्ती होऊ शके. टिकले ते यंत्र आणि त्यामागची व्यवस्थाही. वापरलेली डिझेल गाडी घ्यावी की नाही, या प्रश्नाचा इतिहास या व्यवस्थेचा इतिहास आहे.

४/२०
आरंभ प्रयोगशाळेत होतो. रुडॉल्फ डिझेल यांना त्यांच्या इंजिनाचे जर्मन पेटंट १८९३ मध्ये मिळाले. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्यांच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी येत असल्याचे दिसून आले. त्या काळची वाफेची इंजिने यापुढे फार मागे होती. काटकसर हा डिझेलचा जन्मजात गुण.

५/२०
मात्र हे इंजिन अवजड होते. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटते. हा दाब सोसण्यासाठी सगळे भाग जाड आणि मजबूत करावे लागत. जहाजे व कारखाने यांना हे वजन परवडे, मोटारीला परवडेना. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ पासून इंधन फवारणारे पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतले आणि लहान, वेगवान डिझेल इंजिनाची वाट मोकळी झाली.

६/२०
१९३६ च्या बर्लिन मोटार प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझ २६० डी अवतरली. १९४० पर्यंत अशा सुमारे २,००० गाड्या तयार झाल्या. तिचे पहिले भक्त टॅक्सीवाले होते. गाडीचा खडखडाट आणि धूर हौशी मालकाला नकोसा. दिवसभर रस्त्यावर राहणाऱ्याला मात्र प्रत्येक लिटरची बचत म्हणजे कमाई. डिझेल मोटार आणि दीर्घ प्रवास यांचे नाते तेव्हाच जुळले.

७/२०
येथे अभियांत्रिकीकडे वळावे लागते. २४० डी मध्ये हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे एकविसाव्या भागाइतकी दाबली जाई. त्यासाठी केलेली भक्कम बांधणी, कमी फेऱ्यांत चालणारे इंजिन आणि स्वतःच काहीसे वंगणाचे काम करणारे इंधन, या तिन्हींमुळे झीज मंद होत असे. इंधनपंप पूर्णतः यांत्रिक होता. साध्या गॅरेजमधील कुशल कारागीरही तो समजून घेऊ शके.

८/२०
इंजिनाची बरीचशी झीज ते थंड असताना, सुरू होण्याच्या क्षणी होते. टॅक्सीचे इंजिन सकाळी तापते आणि रात्रीपर्यंत गरम राहते. म्हणून महामार्गावरचे दोन लाख किलोमीटर आणि बाजार-शाळा-घर अशा खेपांचे साठ हजार किलोमीटर यांत दुसरा आकडा नेहमीच निर्धोक असतो असे नाही. मीटर अंतर मोजतो. ते कसे कापले गेले, हे त्याला सांगता येत नाही.

९/२०
आता कायदा. ग्रीसमध्ये २०११ पर्यंत अथेन्स व थेसालोनिकी या शहरांत खासगी डिझेल मोटारींना बंदी होती. टॅक्सींना मुभा होती. म्हणजे २४० डी साखिनिदिस यांच्या हाती उत्तम सौदा ठरत असताना, त्याच शहरातील सामान्य नागरिकाला तिचा काही उपयोग नव्हता. गाडी तीच, रस्ते तेच. फरक परवान्याचा.

१०/२०
प्रश्नाची आणखी एक बाजू विश्वासाची. १९७० मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. युक्तिवाद असा: विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, ग्राहकाला नसतात. म्हणून ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात सदोष गाड्यांचे प्रमाण वाढत जाते.

११/२०
या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. मीटर मागे फिरवण्याची लबाडी हा याच रोगाचा सर्वांत उघड प्रकार. अमेरिकेने १९७२ च्या संघीय कायद्याने मीटरशी छेडछाड करण्यास मनाई केली. त्यामुळे एक विरोधाभास जन्मला: मीटरवरचा मोठा पण नोंदींशी जुळणारा आकडा, हा संशयास्पद लहान आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह ठरतो.

१२/२०
भारतात हा प्रश्न उशिरा आला. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची डिझेल अँबेसेडर १९८० च्या आसपास रस्त्यावर आली आणि येथेही टॅक्सी व सरकारी ताफ्यांतच अधिक दिसली. डिसेंबर १९९८ मध्ये पुण्यातील टाटा कारखान्याच्या इंडिकाने डिझेल गाडी मध्यमवर्गीय घराच्या दारात आणून उभी केली. पुढे फियाटचे १,२४८ सीसी क्षमतेचे मल्टिजेट इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत बसले. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होई. वाहनप्रेमींनी त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ अशी गमतीची पदवी दिली.

१३/२०
या लोकप्रियतेमागे इंजिनाइतकेच सरकारी धोरण होते. ट्रॅक्टर, मालमोटारी आणि एसटी डिझेलवर चालतात, म्हणून त्याची किंमत दाबून ठेवली जाई. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले. डिझेलचे झाले नाहीत. मे २०१२ च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल ७३.१८ रुपये, तर डिझेल ४०.९१ रुपये लिटर होते. शेतकऱ्यासाठी दिलेल्या सवलतीचा लाभ मोटारमालकही घेत होता.

१४/२०
उदाहरणादाखल आकडेमोड करू. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेल गाडी २० किलोमीटर जाते, असे धरले तर २०१२ च्या त्या दरांत पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ४.८८ रुपये आणि डिझेलचा २.०५ रुपये येतो. वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणाऱ्याची बचत सुमारे ४२,५०० रुपये. नव्या प्रवासी गाड्यांच्या विक्रीत तेव्हा डिझेलचा वाटा निम्म्यावर गेला, यात नवल नाही.

१५/२०
जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा थोडे थोडे महागू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही नियंत्रणमुक्त झाले. २४ जून २०२० रोजी दिल्लीत अघटित घडले: पेट्रोल ७९.७६ रुपये, डिझेल ७९.८८ रुपये. त्या दराने वरच्याच मोटारमालकाची वार्षिक बचत सुमारे १९,८५० रुपयांवर आली. वर्षाला ५,००० किलोमीटरच फिरणाऱ्याच्या हाती जेमतेम ६,६०० रुपये उरतात. एकाच मोठ्या दुरुस्तीत ते संपून जाऊ शकतात.

१६/२०
आणि दुरुस्तीही पूर्वीची राहिली नाही. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल तंत्र मोटारींत आले. सुमारे १,३५० बार दाबाने, संगणकाच्या आज्ञेनुसार इंधन फवारले जाऊ लागले. खडखडाट कमी झाला, ताकद वाढली. पण सूक्ष्म छिद्रांचे इंजेक्टर, टर्बो, संवेदक असे महागडे भाग आले. पुढे काजळी अडवणारा फिल्टरही आला आणि तो शहरातील छोट्या खेपांत तुंबतो. ‘डिझेल मरत नाही’ ही म्हण २४० डीच्या काळातली. तिचे इंजिन मात्र बदलले.

१७/२०
शेवटचा घाव न्यायालयांतून आला. ७ एप्रिल २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली व राजधानी परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मज्जाव केला. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला बळ दिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत लाइपझिगच्या संघीय न्यायालयाने जर्मन शहरांना जुन्या डिझेल गाड्या रोखण्याची वाट खुली केली. ज्या देशात हे इंजिन जन्मले, तेथेच हा निर्णय झाला.

१८/२०
या निर्णयांमागचे कारण खरे होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवागेनच्या गाड्यांतील फसवे सॉफ्टवेअर उघड केले. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ते असल्याचे पुढे कंपनीने मान्य केले. डिझेलचा स्वस्तपणा जे लोक गाडीत बसलेच नव्हते, त्यांची फुप्फुसेही सोसत होती. पण दंडाचा भार अखेर जुन्या गाडीच्या शेवटच्या मालकावर पडला. दिल्लीत मुदत भरत आलेली सुस्थितीतील गाडी तेथे कवडीमोल होई आणि ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यात विकली जाई. महाराष्ट्रातील ग्राहकाला ती स्वस्त वाटे. तो स्वस्तपणा इंजिनाच्या झिजेतून नव्हे, तर एका आदेशातून आलेला असे.

१९/२०
म्हणून ‘किती धावली?’ हा प्रश्न आवश्यक असला तरी अपुरा आहे. साखिनिदिस यांच्या बाजूने पाच गोष्टी होत्या: रोजचा दीर्घ प्रवास, स्वस्त इंधन, दुरुस्त करता येईल असे यंत्र, राखीव इंजिने आणि टॅक्सीला मुभा देणारा कायदा. या पाच गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याला दोन लाखांचा आकडा फारसा भिववत नाही. ज्याची गाडी आठवडाभर उभी राहून रविवारी देवदर्शनाला निघते, त्याला साठ हजार धावलेली डिझेल गाडीही महाग पडू शकते.

२०/२०
गाडी पाहायला जाणाऱ्याने इंजिनाचा आवाज जरूर ऐकावा आणि सर्व्हिसच्या नोंदी मीटरशी ताडून पाहाव्यात. त्याचबरोबर आरसीवरील नोंदणीची तारीख, आपल्या शहरातील नियम आणि वर्षाकाठी आपण खरोखर किती फिरतो, हेही लिहून काढावे. १९८१ चा तो सौदा शहाणपणाचा ठरला, कारण घेणाऱ्याला गाडीपुढे कोणते काम आहे हे नेमके ठाऊक होते. आधीचे २,२०,००० किलोमीटर दुसऱ्या कोणाचे होते. साखिनिदिस यांनी हिशोब मांडला तो पुढच्या अंतराचा.