भोपळ्याची उडी आणि शाळेतला 'ळ'

हीरक महोत्सवानिमित्त शाळेचे जुने दप्तर लावताना चार छापील पाने हाती आली. त्यांवर एकही देवनागरी अक्षर नाही. नुसती रोमन अक्षरे, कंस, आकडे आणि मधूनमधून रिकामे चौकोन. शिपाईमामांनी ती रद्दीत काढली होती. ही पाने म्हणजे आपल्या शाळेचे पहिले संकेतस्थळ होय. २००३ साली इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीने ते घडविले होते.

चित्रे हलविण्याचा नाद मराठी माणसाला नवा नाही. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणण्यापूर्वीच दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट घेऊन टिपली होती. पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्या नाचविल्या. या कलेचे रीतसर शिक्षण आपल्या देशात १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात सुरू झाले. डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवावयास आले आणि राम मोहन यांच्यासारखे कलावंत त्यांच्या हाताखाली तयार झाले.

आपल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांची या कलेशी पहिली ओळख झाली ती दूरदर्शनवरील 'एक अनेक और एकता' या लघुपटाने. जाळ्यासकट उडून जाणारे ते पक्षी कोण विसरेल? १९७४ सालच्या या लघुपटाच्या दिग्दर्शिका विजया मुळे. मुंबईत जन्मलेल्या विजयाताई विवाहानंतर पाटण्यास राहिल्या, पुढे दिल्लीत त्यांनी शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात मोठे काम केले. आपल्यासारख्याच हिंदी मुलखात संसार थाटलेल्या एका मराठी स्त्रीचे ते काम होते, हे मी वर्गात आवर्जून सांगते. चित्रांचे संयोजन भीमसेन खुराना यांचे होते.

शाळांमध्ये संगणक आणण्याची केंद्र सरकारची 'क्लास' योजना १९८४-८५ साली सुरू झाली. तीत बीबीसी मायक्रो नावाचे यंत्र निवडक शाळांना मिळाले. आपला क्रमांक त्यांत लागला नाही. आपले दोन संगणक पालकांच्या देणगीतून, बऱ्याच उशिरा आले.

ती विद्यार्थिनी त्यांवर आधी गोलाकार काढण्यातच रमली. गावातील एका शिकवणीत ती फ्लॅश हे सॉफ्टवेअर शिकत होती. तेथे पहिला धडा उसळणाऱ्या चेंडूचा. हिने चेंडूऐवजी भोपळा घेतला. आजीने सांगितलेल्या गोष्टीतला, म्हातारीला पोटात घेऊन लेकीकडून परत येणारा. फ्लॅशमध्ये सेकंदाला बारा चौकटी धरल्या जात. उडीच्या आरंभीचे आणि शेवटचे चित्र दिले की मधली चित्रे संगणकच भरी. तिने तसे केले, आणि भोपळा लिफ्टसारखा एका लयीत वर जाऊन खाली आला. वर्ग हसला. मीही हसले, हे येथे कबूल करते.

आठ दिवसांनी तिने आपली भूगोलाची वही आणली. पानांच्या कोपऱ्यांत भोपळे काढले होते. अंगठ्याने पाने सोडली की ते उडत. जमिनीजवळ दोन चित्रांतील अंतर जास्त, उडीच्या माथ्यावर अगदी थोडे, आणि टेकताना भोपळा किंचित चपटा. चित्रांतील अंतर बदलले की वस्तूला वजन येते, हे तिला त्या वहीने शिकविले. मग तिने मधल्या चौकटी स्वतः रेखाटल्या. चाळीस सेकंदांसाठी चारशे ऐंशी चौकटी. त्यांतील किती हाताने काढल्या, ते तिने कधी मोजले नाही. स्नेहसंमेलनात भोपळा उसळला तेव्हा सभागृहातील लहान मुले उठून उभी राहिली.

संकेतस्थळाचे काम अधिक कष्टाचे निघाले. नोटपॅडमध्ये एचटीएमएलच्या खुणा लिहून तिने पृष्ठ बांधले आणि त्यावर शाळेच्या आरंभकाळातील तीन शिक्षकांच्या आठवणी त्यांच्या घरी जाऊन उतरवून घेतल्या. त्या मराठीत टंकायच्या होत्या, आणि हिंदी टंकनाच्या कळफलकावर 'ळ' सहज सापडेना. 'शाळा' लिहिण्यासाठीच शाळेच्या संगणकावर अडून बसावे लागावे, ही गोष्ट मला तेव्हा फार लागली. 'दुसऱ्या'मधील र साठी तर तिने निराळाच फॉन्ट शोधून आणला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती; पण आमच्या यंत्रांपर्यंत ती पोहोचली नव्हती. तेव्हाचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवीत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सारा मजकूर रोमन खिचडी दिसे. आमची चार पाने अशाच संगणकावरून छापली गेली.

ज्या मोफत सेवेवर ते पृष्ठ ठेवले होते, ती काही वर्षांनी बंद पडली. फ्लॅशचा आधारही ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. त्या तीन शिक्षकांपैकी दोघे आज हयात नाहीत.

गेल्या सुट्टीत इयत्ता नववीच्याच दोन मुलांनी ती चार पाने अक्षर न् अक्षर टंकून, फॉन्टचा नकाशा ताडून, युनिकोडमध्ये उलटविली. दीड पान वाचता येऊ लागले आहे. पहिल्या वर्षी वर्ग एका धर्मशाळेच्या ओसरीवर भरत आणि पावसात फळा आत घ्यावा लागे, एवढे त्यातून कळले. मात्र रिकाम्या चौकोनांच्या जागी कोणते अक्षर होते, हे अंदाजानेच भरावे लागते. बहुतेक ठिकाणी तो 'ळ' आहे.

स्नेहसंमेलनानंतर तिने या साऱ्या कामाच्या पाच-सहा सीडी करून वर्गात वाटल्या होत्या. २००४ च्या दहावीच्या तुकडीतील कोणाच्या घरी, माळ्यावर वा जुन्या पेटीत, ती सीडी असल्यास कार्यालयात आणून द्यावी. ओरखडे असले तरी चालेल. फ्लॅशच्या फाइली चालविणारे 'रफल' हे मोफत सॉफ्टवेअर आम्ही संगणक कक्षात बसवून ठेवले आहे.