साकुरा, कमळ आणि चित्रातलं फूल 'वाचणं'

बुलढाणा शहर अजिंठ्याच्याच डोंगररांगेत वसलंय. त्यामुळे आपल्याकडं कुणी चित्रकलेच्या इतिहासात पीएचडी करायची म्हटली की विषय बहुधा अजिंठाच. तरी आज सुरुवात जपानपासून करू. जपानी चित्रात साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, दिसला की आपण लगेच लिहून टाकतो: 'क्षणभंगुरतेचं प्रतीक'. गाईड विचारणारच, कशावरून?

आधी काळ बघा. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या संग्रहात साकुरापेक्षा उमेवर (चीनहून आलेलं, आलुबुखाराच्या जातीचं झाड) जास्त कविता आहेत. साकुराचा मान नंतर वाढत गेला.

आता चित्र. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाचा लहानगा मुलगा १५९१ मध्ये वारला. त्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या मंदिरासाठी हासेगावा क्यूझोनं साकुरा रंगवला. आज तो क्योतोच्या चिशाकुइन मंदिरात आहे. सोनेरी वर्खावर पांढरी फुलं, आणि शिंपल्यांच्या पुडीचा थर इतका जाड की पाकळ्या अक्षरशः वर उठून आल्यात. क्यूझो स्वतः १५९३ मध्ये, पंचविशीत गेला. इथं शोक आहेच. पण एवढं सोनं सत्तेचा थाटही सांगतं, आणि मला तर तोच आधी दिसतो.

हाच प्रश्न अजिंठ्याला विचारा. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातातलं कमळ ऋतू सांगत नाही, तो कोण हे सांगतं. छतावरची कमळं मात्र चौकटी भरणारी नक्षी. दोन्हींना 'पावित्र्य' म्हणून मोकळं होता येत नाही.

गंमत म्हणजे हे दोन्ही प्रांत एका माणसात भेटतात. टागोरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आलेल्या अराई काम्पो या चित्रकारानं पुढं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. (त्याचं जन्मगाव आज ज्या शहरात मोडतं, त्याचं नाव चक्क साकुरा!) तोक्योच्या विद्यापीठात ठेवलेल्या जपानी प्रती १९२३ च्या भूकंपातल्या आगीत गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिलच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनला जळाल्या होत्या. इकडं मूळ भिंतीवरचे रंगही झिजत आलेत.

म्हणून एखाद्या कमळाच्या रंगावर लिहाल, तेव्हा तळटीपेत आधी हे टाका: तुम्ही भिंत बघितली की प्रत, आणि प्रत असेल तर कुणाची, कोणत्या वर्षाची.