दरिब्याच्या खाणीतील लाकडी भिंत

मेवाडात येणारा मराठी पाहुणा चितोडचा विजयस्तंभ पाहतो, हळदीघाटीची पिवळी माती कपाळी लावतो आणि नाथद्वाऱ्यास श्रीनाथजींचे दर्शन घेऊन परततो. दरिब्यास जावे असे त्यास कोणी सुचवीत नाही. आम्हीही कित्येक वर्षे कोणास सुचविले नव्हते.

राजसमंद जिल्ह्यातील राजपुरा-दरिबा येथे शिसे, जस्त व चांदी यांची खाण आहे. अलीकडच्या काळात येथे खोदकाम सुरू झाले, तेव्हा आपल्या आधी कोणी तरी खोल उतरून गेले आहे असे खाणकऱ्यांच्या ध्यानी आले. त्या जुन्या पोकळ्यांत खडकाची ढासळू पाहणारी बाजू थोपवून धरण्यासाठी रचलेली लाकडांची प्रचंड भिंत आढळली. उघड्यावरचे लाकूड वाळवी दहापाच वर्षांत फस्त करते. येथे मात्र हवेचा अभाव आणि खडकातून झिरपणारे धातूंचे क्षार यांनी ते राखले.

या लाकडाचे मोल निराळेच आहे. पोखरलेला दगड आपले वय सांगत नाही, लाकूड सांगते. 1980 नंतरच्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम व हिंदुस्तान झिंक यांनी मिळून या प्रदेशाचे संशोधन केले. प्रा. हेगडे, पॉल क्रॅडॉक, लिन विलीज ही त्यांतील प्रमुख नावे. कार्बन-14 पद्धतीने दरिबा, जावर व आगुचा येथील लाकडांचे वय दोन हजार वर्षांहून अधिक ठरले. म्हणजे मौर्यकाळाच्या आगेमागे अरवलीच्या पोटात माणसे दिव्याच्या उजेडात काम करीत होती.

खडक फोडण्यासाठी ते त्यास लाकडे रचून आग लावीत. तापून तडकलेला दगड मग लोखंडी छिन्नीने उकरून काढता येई. म्हणजे जाळायला लाकूड, टेकू द्यायला लाकूड, आणि चांदी गाळायलाही कोळसाच! कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवर आकराध्यक्ष आहे, तसा वनसंपत्तीवर कुप्याध्यक्षही आहे. या दोघांची गाठ वारंवार पडत असावी असे आम्हांस वाटते. मात्र ज्याने भिंतीतील पहिला ओंडका बसविला, त्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही.

मेवाडच्या खाणींच्या कथेत आमच्या पूर्वजांचेही एक पान आहे आणि ते आम्हांस भूषणावह नाही. उदयपूरच्या दक्षिणेस जावर येथे मध्ययुगात जस्ताचा मोठा उद्योग होता. वांग्याच्या आकाराच्या, मातीच्या बंद मुशींतून जस्ताची वाफ खाली उतरवून ती थंड करीत. 1769 मध्ये महादजी शिंद्यांनी उदयपुरास वेढा घातला. पुढे शिंदे-होळकरांच्या खंडण्यांनी मेवाड पिळून निघाला. 1812-13 च्या दुष्काळानंतर जावरचे काम थांबले. दोष सगळा मराठ्यांचा नव्हे, दुष्काळाने शेवटचा घाव घातला, हे खरे; पण त्याआधीच्या पन्नास वर्षांचा हिशेब आमच्याकडेच येतो.

जावरच्या वापरलेल्या मुशी गावकऱ्यांनी घरांच्या भिंतींत चिणल्या. त्या येणाऱ्याजाणाऱ्यास दिसतात. दरिब्याच्या लाकडांचे तसे नाही. त्यांचे तुकडे प्रयोगशाळेत नेता आले, वयही ठरविता आले. पण भिंत म्हणून त्यांना बाहेर आणणार कसे? तिने पेलून धरलेला खडक तेथेच आहे.